होडीवाल्याचा आवाज

माकणीच्या धरणावरची गोष्ट आम्ही सातजण मोबाईलवर रचत होतो. प्रत्येकानं आपलं पात्र होऊन लिहायचं. मी होडीवाला. बाकीच्यांच्या ओळींत चुका असत, पण जीव असे. माझ्या ओळींत निदान चुका नसत. दोन दिवस मला कुणी उत्तरच देईना. मग गट चालवणाऱ्या अजहरनं सगळ्यांसमोर विचारलं, “काका, एवढं साफ माणूस लिहीत न्हाय. मशीनकडून लिहून घेता का? आवाज पाठवा, न्हायतर होडीवाला काढतो.” मी लहानपणापासून बोलताना अडखळतो, म्हणूनच लिहितो. चारदा बोललो, चारदा पुसलं. पाचव्यांदा पहिल्याच अक्षरावर अडकलो, तरी पाठवलं. सगळ्यांनी ऐकल्याचं दिसलं. हसत असतील बहुतेक. मग गोष्टीत शेळीवाली झालेल्या मेहनाजनं लिहिलं, “होडीवाले चाचा, माझी शेळी गाभण हाय. होडीत घेताल का?” लिहिलेलं उत्तर मी पुसलं आणि बोलायला लागलो.