माइक कोण वापरतंय?

खराडीच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. हिंदुरावांच्या लॅपटॉपवर माइक चालू असल्याची खूण तेजस्विनीला दिसली. ते टीममधले सर्वांत वयस्कर, ती त्यांची मॅनेजर.

"हिंदुराव, आपण आमचं बोलणं रेकॉर्ड करताय?"

ते वर न बघता स्क्रीनकडेच बघत राहिले. तिचा संशय पक्का झाला. तिनं सिस्टिमवाल्या धम्मदीपला बोलावून घेतलं. "माइक कोणता प्रोग्राम वापरतोय, शोध. इथंच, सगळ्यांसमोर."

धम्मदीपनं शोधलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डिंग नाहीये. आपण जे बोलतो ते हा प्रोग्राम लिहून दाखवतो. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी असतो."

हिंदुरावांनी घाईघाईनं लॅपटॉप मिटून जवळ ओढला.

"वर्ष झालं," ते खालमानेनं म्हणाले. "कळलं तर घरी बसवतील, म्हणून सांगितलं नाही."

तेजस्विनीला त्यांच्याकडे बघवेना. ती कशीबशी पुटपुटली, "माफ करा."

"काय म्हणालात, मॅडम?" हिंदुरावांनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं बोला."

मग तेच 'माफ करा' तिला सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणावं लागलं.