बोल्टाचं मुंडकं

बस निकेश, तुले एक गोष्ट सांगतो, मंग जा. परवा मनसारामचा ट्रक आला. इंजिनाचा धूर केबिनात भरून त्याले चालवताना गुंगी येत होती. इंजिनातला धूर बाहेर नेते त्या मॅनिफोल्डचे बारा बोल्ट बदलून धूर बंद कराचा होता. अकरा बसवले. बारावा आवळताना मुंडकं तुटून पान्यात राह्यलं. आतला तुकडा काढाले अख्खा दिवस लागत होता, अन् माही कंबर गेली होती. मुंडकं एमसीलनं जागेवर चिपकवलं, म्हटलं, "झालं." मनसारामनं वाकून पाह्यलं. "भाऊ, तुमचा हात लागला म्हणजे फिकर नाई," म्हणे, अन् वाळल्या झिंग्याची पुडी देऊन गेला. इंजिन तापलं का एमसील जळनच, अन् धूर पुन्हा केबिनात. थंडीत तो काचा लावून चालवते. फोन जंगलात लागत नाई. तो सूरजागडले गेला, तू बी त्याच रस्त्यानं चालला. दिसला तर थांबव, काच उघडाले लाव. सांगजो, बोल्ट मीच तोडला.