साहेबाची निवड

परदेशात शिकून आलेल्या माझ्या लेकानं, श्रीरंगनं, साहेब म्हणून मी किल्ल्या हाती देताच माझ्याच कारखान्यात मला लोणचं चाखायला बंदी केली. वर सगळ्या बायकांसमोर सुनावलं, “आई, एकटीच्या हुकमाचे दिवस गेले. आता साहेब कामगारच निवडतील.”

“बरं बाबा,” म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी निवड ठेवायला लावली.

तो ऐटीत पुढे उभा राहिला. त्याच्यासाठी एकही हात वर झाला नाही. मसाला कालवणाऱ्या द्वारकेचं नाव निघालं, तसे हळदीनं पिवळे झालेले चाळीसच्या चाळीस हात उठले. एकेचाळिसावा माझा.

“आई, तू तरी...”

“मी एकटीनं तुला काढलं असतं, तर म्हणाला असतास, म्हातारीनं डूख धरला. आता रूस चाळीस जणींवर. आण त्या किल्ल्या, द्वारकेला दे.”