खोटी थप्पड
नाटकाला गेल्या तरी बाईंची शिकवणी काही सुटत नसे. रंगमंचावर नवऱ्याने बायकोला केस धरून भिंतीवर आपटलं, वर एक सणसणीत थप्पड ठेवून दिली, तशा बाई लेकीच्या कानाशी लागल्या. "घाबरू नकोस हं. त्याचा हात गालाला लागतच नाही. टाळी तीच गुपचूप वाजवते."

"माहितेय गं. तिचा ओठ कुठे सुजलाय?"

पडदा पडला. शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि बाईंनी झटकन कोपराआड तोंड लपवलं.

मागे बसलेली एका विद्यार्थ्याची आई हसली. "बाई, संपलं हो नाटक!"

लेकीने बाईंचा हात हळूच खाली घेतला. "आई, चारचौघांत नाही मारत बाबा."