वीस घागरी पाणी

भूजल खात्याच्या मॅडम विहिरीचं पाणी मोजायला येणार म्हणून गेनबानं टँकरच्या वीस घागरी कोरड्या विहिरीत ओतल्या. पाहुण्याला रितं भांडं दाखवू नये, ही त्याच्या गेलेल्या बायकोची शिकवण.

ते कळताच मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. “काका, विहीर कोरडी दिसली तरच गावाला बंधारा मिळेल!”

“मग उपसतो की!” गेनबा दोर धरून आत उतरला. काठावरून शेजारची सोनाक्का खदखदून हसली. “भावजी, खालचा गाळही काढा. बाईंना विहीर लख्ख दिसू द्या!”

दुपारपर्यंत गाळही निघाला, आणि खालच्या कातळातून धार फुटली. बघता बघता गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला गेनबा वर बघून ओरडला, “मॅडम, आईशप्पथ, हे पाणी मी नाही ओतलं!”