नुसता दिवा

आमच्या घराण्यात काहींच्या डोळ्यांत जन्मतःच बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा नसतो आणि पुढे डोळ्यांतला दाब वाढू लागतो. ते डोळे माझ्याकडून नातीकडे गेले.

“आजी, थेंब नकोत. घातले की दिव्याभोवतीचं इंद्रधनुष्य जातं.”

“ते इंद्रधनुष्य नव्हे, दाब आहे. मान वर कर. नाटकं पुरेत.”

तिची पापणी चाचपून मी थेंब सोडला.

काही दिवसांनी ती हिरमुसून म्हणाली, “झालं तुझं समाधान? आता नुसता दिवा उरलाय.”

मी तिला जवळ बसवून घेतले. माझ्या दिव्याभोवती नजर होती तोवर रंगच होते आणि त्या रंगांसकटच तो मालवला होता.

“मग सावकाश सांग मला,” मी म्हणाले, “नुसता दिवा कसा दिसतो?”