पलीकडची कडी

ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वायरमामाने सगळ्यांसाठी गेमचा सर्व्हर सुरू केला, तर त्यात साहेबही घुसले. "जंगलातून अर्धा तास तंगडतोड कोण करणार? क्षणात पोचवणारं दार टाक," म्हणाले. सगळंच आयतं मिळालं तर खेळात राम राहणार नाही, म्हणून वायरमामाने अट घातली: पलीकडून कुणी कडी काढली तरच दार उघडेल. साहेब खूश झाले. ती संधी साधून वायरमामाने तिसऱ्यांदा रजेचं विचारलं. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या रजेच्या अर्जावर म्हणायचे तेच साहेब म्हणाले, "बघू."

संध्याकाळी गेममध्ये लांडगे मागे लागले, तसे साहेब जीव मुठीत धरून दाराशी आले. पलीकडे अख्खं ऑफिस उभं. "उघडा रे लवकर!" साहेबांनी चॅटवर लिहिलं.



पलीकडून एकदम अकरा जणांनी लिहिलं, "बघू."